हवा सर्वांची: हौशी बिनतारी आणि प्रवाशाचा ठावठिकाणा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते बहुधा मजुरी, महागाई किंवा संप यांवर मी काही बोलावे म्हणून. मी विषय मागून घेतला तो मात्र निराळा आहे. हौशी बिनतारी केंद्र चालवणारा मनुष्य प्रवासात असताना आपला ठावठिकाणा इतरांना कसा कळवतो, त्यासाठी आज कोणकोणत्या तऱ्हा प्रचारात आहेत, आणि त्यांतली कोणती कोणत्या प्रसंगी घ्यावी, एवढाच आजचा प्रश्न आहे. मी शास्त्रज्ञ नाही. महाविद्यालयाची पायरी मी चढलेलो नाही. जे काही कळले ते पुस्तके वाचून, जाणकारांना विचारून आणि यंत्रे उघडून पाहून कळले. तेव्हा गणिताचा बडेजाव माझ्याकडून होणार नाही; पण थोडा हिशेब मांडल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तेवढा आपण सोसावा.

प्रथम हौशी बिनतारी म्हणजे काय ते सांगतो. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या खर्चाने आणि केवळ हौसेखातर बिनतारी केंद्र चालवणारी माणसे जगभर आहेत. त्यांना इंग्रजीत ‘हॅम’ म्हणतात. आपल्याकडे त्यांचा परवाना केंद्र सरकार देते, आणि त्यांच्या केंद्रांची नावे बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. या मंडळींवर सर्व जगात दोन बंधने आहेत. एक, या लहरींवरून धंदा करावयाचा नाही. दुसरे, संदेशाचा अर्थ लपवण्यासाठी गुप्त लिपी वापरावयाची नाही. जे बोलावयाचे ते चारचौघांत बोलल्यासारखे. ही दोन बंधने ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता कोणी म्हणेल, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि जेथे गिऱ्हाईक नाही तेथे मनोरा उभारण्याची कंपनीला गरज वाटत नाही. सह्याद्रीच्या खोल दऱ्यांत उतरलेल्यांना हे सांगावयास नको. संकटकाळी तर उभे मनोरेही मुके होतात. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा अंदमानवर आदळल्या, तेव्हा हौशी बिनतारीवाल्यांचे एक पथक दुसऱ्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. नेहमीची दळणवळणाची साधने तुटली असता त्यांच्या यंत्रांवरून माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचली. ते काम आवाजाने झाले. पण ‘अमुक मनुष्य या क्षणी नेमका कोठे आहे’ हे आवाजाने सांगत बसणे कष्टाचे असते. आकडे सांगावयाचे, समोरच्याने ते टिपावयाचे, चुकले तर पुन्हा विचारावयाचे. हे काम यंत्राने यंत्राला सांगावे, हे बरे.

हा विचार ज्याने तडीस नेला तो अमेरिकेतील ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत काम करणारा बॉब ब्रुनिंगा. १९८२ साली त्याने नौदलाच्या बातम्यांतील जहाजांची ठिकाणे नकाशावर दाखवणारी एक आज्ञावली लिहिली. १९८४ साली शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत कोणता घोडा कोठे पोचला हे कळवण्यासाठी त्याने तिची सुधारलेली आवृत्ती एका स्वस्त घरगुती संगणकावर चालवली. पुढे उपग्रहांवरून ठिकाण सांगणारे जीपीएस यंत्र स्वस्त झाले, मे २००० मध्ये अमेरिकेने त्यात मुद्दाम घातलेली चूकही काढून टाकली, आणि ब्रुनिंगाची पद्धत ‘एपीआरएस’ या नावाने जगभर पसरली. २०२२ साली हा मनुष्य वारला. ही पद्धत केवळ गाडीचा माग काढण्यासाठी नाही, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. या परिसरात या घटकेला कोण आहे, काय चालले आहे, हे सर्वांना एकदम कळावे, हा तिचा हेतू होता.

आता संदेशात असते काय ते पाहू. केंद्राचे नाव, अक्षांश, रेखांश, आणि वाहन आहे की पायी चालणारा मनुष्य हे दाखवणारी एक खूण. अक्षांशाला आठ अक्षरे, रेखांशाला नऊ. अक्षांशातील अंशाच्या साठाव्या भागाचाही शंभरावा भाग लिहिलेला असतो; जमिनीवर ते अंतर सुमारे साडेअठरा मीटर भरते. पत्ता वगैरे धरून सगळा मजकूर साठ ते ऐंशी अक्षरांत मावतो. एका पोस्टकार्डाहूनही कमी. हे एवढेसे पाकीट हवेतून पोचवावयाचे आहे. सगळा वाद आहे तो त्याच्या वाहतुकीचा.

पहिली आणि सर्वांत जुनी तऱ्हा १२०० ची. यात सेकंदाला १२०० ठिपके या वेगाने, दोन शिट्ट्यांच्या सुरांत, पाकीट धाडले जाते. एक सूर १२०० कंपनांचा, दुसरा २२०० चा. सूर बदलला तर शून्य, न बदलला तर एक, अशी ही भाषा आहे. उत्तर अमेरिकेत १४४.३९ आणि युरोपात बहुतेक ठिकाणी १४४.८० मेगाहर्ट्झवर ही पाकिटे ऐकू येतात. हिचा मोठा गुण असा, की बोलण्याचे कोणतेही साधे बिनतारी यंत्र तिला चालते. म्हणून जुना परवानाधारक आणि आज शिकलेला पोरगा दोघेही एकाच पंगतीत बसतात.

पण हिचे दुखणेही मोठे आहे. पाकिटाच्या शेवटी तपासणीचा एक आकडा असतो. वाटेत एक ठिपका जरी बिघडला तरी तो आकडा जुळत नाही, आणि घेणारे यंत्र सगळे पाकीट फेकून देते. चुकलेला ठिपका दुरुस्त करण्याची सोय मूळ पद्धतीत नाही. आता चालत्या गाडीचा विचार करा. लहरी इमारतींवर, डोंगरांवर आपटून अनेक वाटांनी पोचतात, आणि कोठे एकमेकींना जोर देतात तर कोठे मारतात. या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर, त्यामुळे सुमारे दर मीटरला एक खड्डा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या पाकिटाला आठ खड्डे लागतात. केंद्र जवळ असेल तर खड्ड्यातही आवाज पुरतो. दूर असेल तर एकच खड्डा सगळे पाकीट बुडवतो. उभ्या गाडीचे पाकीट पोचते आणि चालतीचे पोचत नाही, याचे मर्म हे आहे.

दुसरे दुखणे गर्दीचे. सर्वांनी बोलावयाचे एकाच जागी. दोघे एकदम बोलले तर बहुधा दोघांचेही वाया. यंत्र आधी कान देते, कोणी बोलत असेल तर थांबते. पण डोंगराच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकमेकांना ऐकत नाहीत, आणि शिखरावरच्या केंद्राला मात्र दोघांचे एकदम ऐकू येते. अशा बेशिस्त बाजारात किती माल पार होईल याचे गणित हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडले. तेथील बेटे बिनतारीने जोडणारे त्यांचे जाळे १९७१ साली सुरू झाले. त्या बेटांवरच्या नमस्काराच्या शब्दावरून त्याला ‘अलोहा’ नाव पडले. गणित सांगते, की कोणी कोणाला ऐकत नसेल तर फार तर शंभरातले अठरा क्षणच सत्कारणी लागतात. बाकीचे एक तर रिकामे जातात, नाहीतर टकरीत. त्याहून जास्त बोलू लागलात तर पोचणारा माल वाढत नाही, उलट घटतो. सर्वांनी एकदम बोललेल्या सभेचे इतिवृत्त लिहिण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्याला हे गणित शिकवावे लागणार नाही.

या दोन दुखण्यांवर इलाज निघाले आहेत. ‘माइक-ई’ नावाच्या रीतीने अक्षांश पत्त्याच्या जागेतच दडवून पाकीट निम्म्याजवळ आणता येते. लहान पाकिटाला खड्डे कमी आणि टकराही कमी. दुसरा इलाज शहाणपणाचा: दर मिनिटाला आंधळेपणाने बोलण्याऐवजी यंत्राने वेग आणि वळण पाहून बोलावे. गाडी उभी असेल तर अर्ध्या तासाने एकदा पुरे. वळण घेतले की लगेच. तिसरा इलाज २००६ साली आलेल्या ‘एफएक्स.२५’ या रीतीचा. ती पाकिटाला दुरुस्तीची जादा अक्षरे जोडते, आणि तरीही जुन्या यंत्राला आतले पाकीट पूर्वीसारखेच वाचता येते. नवे आणताना जुन्या सभासदाला बाहेर न काढणारी सुधारणा मला नेहमीच अधिक पटते.

मग कोणी म्हणाले, वेगच वाढवा. १२०० चे ९६०० करा. ठिपके आठपट झपाट्याने जातात हे खरे, पण पाकिटापूर्वी यंत्राला तोंड उघडण्यास जो पाव-अर्धा सेकंद लागतो तो घटत नाही. शिवाय वेग वाढला की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला शक्ती कमी येते, आणि पल्ला आखूड होतो. लांबलचक मजकूर असेल तर ही तऱ्हा ठीक. चार आकड्यांच्या ठावठिकाण्यासाठी तिचा लाभ थोडा.

येथे या शास्त्राचे मूळ सूत्र सांगतो. डोंगराच्या एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवरच्या गड्याला हाक मारणारा गुराखी शब्द लांबवतो. घाईने बोललेले वाक्य दरीत विरते, लांबवलेली हाक पोचते. बिनतारीतही तेच. तितक्याच शक्तीने दूर जावयाचे तर सावकाश बोलावे लागते. सावकाश बोलावे तर जागा अधिक वेळ अडते. पल्ला आणि वेळ यांचा हा सौदा कोणत्याही यंत्राला चुकवता येत नाही.

‘लोरा’ ही अलीकडची तऱ्हा याच सूत्रावर उभी आहे. तिचे मूळ फ्रान्समधील. २०१२ साली ती अमेरिकेतील सेमटेक या कंपनीकडे गेली. हिचा प्रत्येक सूर खालून वर घसरत जाणारा असतो, पाखराच्या चिवचिवाटासारखा. एपीआरएसवाले तिची सर्वांत सावकाश रीत वापरतात. त्यात एकेक चिवचिव सुमारे ३३ मिलिसेकंद चालते. असा लांबवलेला सूर गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा क्षीण असला तरी ओळखता येतो. यामुळे शंभर मिलिवॅटचे, हाताच्या तळव्यात मावणारे, स्वस्त यंत्र उंचावरून कित्येक किलोमीटर दूर ऐकू जाते. जुन्या तऱ्हेच्या हातातल्या यंत्राला पाच वॅट लागतात. हा फरक पन्नासपट आहे. डोंगर चढणाऱ्याला वजन आणि बॅटरी या दृष्टीने हे वरदानच. वेगाने धावणाऱ्या गाडीत मात्र एक चिवचिव पुरी होण्यापूर्वीच वाटेतले खड्डे बदलतात, म्हणून तो लांब सूर थोडाफार विद्रूप होतो. पायी मनुष्य, सायकल, होडी यांना ही तऱ्हा अधिक मानवते.

आता किंमत पाहू. साठ अक्षरांचे पाकीट जुन्या तऱ्हेने तोंड उघडण्याच्या वेळेसह सुमारे एक सेकंद घेते. लोराच्या या सावकाश रीतीने सुमारे २.६ सेकंद. समजा एका खोऱ्यात बारा वाहने आहेत, प्रत्येक दर दोन मिनिटांनी बोलते, आणि कोणी कोणाला ऐकत नाही. दहा मिनिटांत साठ पाकिटे निघतील. अलोहाच्या गणिताने जुन्या तऱ्हेची ४९ पोचतात, लोराची ३६. हे चालण्यासारखे आहे. आता वाहने साठ करा. पाकिटे ३००. जुन्या तऱ्हेची ११० पोचतील. लोराची अवघी २२. पहा, बारा वाहने होती तेव्हा लोराने ३६ पाकिटे पोचवली, आणि बोलणारे पाचपट झाल्यावर २२! प्रत्यक्षात सबळ पाकीट दुबळ्याला दाबून पार होते, ते मी या हिशेबात धरलेले नाही. तथापि दिशा हीच. एकट्याला जी तऱ्हा सर्वांत लांब नेते तीच गर्दीत सर्वांना बुडवते.

लोराविषयी आपल्याकडची एक अडचण आहे. युरोपातले हौशी लोक तिच्यासाठी ४३३.७७५ मेगाहर्ट्झ वापरतात. आपल्या हौशी सेवेच्या नियमांतला पट्टा ४३४ ते ४३८ असा आहे. परदेशी यंत्र मागवून आहे तसे चालू करणाऱ्याने हे आधी पाहावे. परवाना असो वा नसो, दुसऱ्याच्या शेतातून वाट काढावयाची नाही.

आतापर्यंतच्या तऱ्हा दृष्टीच्या टापूतल्या. दऱ्याखोऱ्यांपलीकडे, समुद्रापार जावयाचे तर आखूड लहरी आकाशातील आयनांच्या थरावर आपटून परत आणाव्या लागतात. तेथे ३०० ठिपक्यांची जुनी तऱ्हा आहे, पण एकच सूर दोन-चार वाटांनी काही मिलिसेकंदांच्या अंतराने पोचतो, आणि तीन मिलिसेकंदांचा ठिपका शेजारच्या ठिपक्यात मिसळतो. यावर जर्मनीतील एससीएस या कंपनीने ‘रोबस्ट पॅकेट’ काढले. त्यात आठ सूर एकदम, प्रत्येक सावकाश, वर दुरुस्तीची अक्षरे. ओझे एकाच हमालाच्या डोक्यावर न देता आठ जणांनी वाटून घ्यावे तसे. काही जण ‘पीएसके-६३’ वापरतात. तिला फार अरुंद जागा पुरते. पण यंत्राचा सूर फारसा सरकता कामा नये, आणि आकाशाने लहरीची चाल डळमळीत केली की अक्षरे चुकतात.

सर्वांत सावकाश तऱ्हा ‘विस्पर’, म्हणजे कुजबूज. २००८ साली ती जो टेलर याने काढली; ताऱ्यांच्या संशोधनासाठी १९९३ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांतलाच हा एक. केवळ पन्नास ठिपक्यांचा मजकूर सांगण्यास ती ११०.६ सेकंद घेते. वॅटच्या अंशभर शक्तीने ही कुजबूज महासागर ओलांडते. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे छोटे हौशी फुगे बहुधा तिच्यावर बोलतात. मात्र ती मूळ स्वरूपात ठिकाण सांगते ते एक अंश उंचीच्या आणि दोन अंश रुंदीच्या चौकोनाचे. आपल्या अक्षांशावर तो सुमारे १११ किलोमीटर उंच आणि दोनशेहून अधिक किलोमीटर रुंद. फुगा अरबी समुद्रावर आहे की दख्खनवर, हे कळण्यास पुरेसे. दरीत पडलेल्या माणसाला शोधण्यास निरुपयोगी.

आवाजासोबत ठिकाण धाडण्याचीही रीत आहे. जपानच्या हौशी संघाने काढलेल्या ‘डी-स्टार’ पद्धतीत सेकंदाच्या ४८०० ठिपक्यांपैकी ३६०० आवाजाला आणि १२०० इतर मजकुराला मिळतात. ठावठिकाणा त्या डब्यात बसून जातो. वेगळी जागा अडत नाही, ही मोठी सोय. पण जो बोलत नाही त्याचा पत्ताही लागत नाही. आणि बेशुद्ध मनुष्य बोलत नसतो.

मग घ्यावी कोणती? माझे उत्तर असे. रस्त्यावरच्या मोटारीला, जेथे आधीपासून केंद्रे आहेत तेथे, १२०० चीच जुनी तऱ्हा. मात्र पाकीट लहान आणि बोलणे वळणापुरते. डोंगरात, पायी, मोजकी माणसे असतील तर लोरा; तुकडी मोठी झाली की तिचा वेग वाढवावा, किंवा प्रत्येकाने दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटांनी बोलावे. दूरच्या समुद्रावर रोबस्ट पॅकेट. फुग्याला कुजबूज. यांत एक गोष्ट सर्वांना लागू आहे: ठावठिकाण्याच्या पाकिटाला पोच नसते. धाडणाऱ्याला ते कोणी ऐकले की नाही कळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी त्या वाटेवर कोणते केंद्र ऐकते ते तपासावे, आणि कोणत्या वेळी परत येणार हे घरी सांगून जावे. यंत्र त्याची जागा घेत नाही.

आता त्या दोन बंधनांकडे येतो. धंदा नाही आणि गुप्तता नाही. आज रस्त्यावरच्या हजारो ट्रकचालकांच्या आणि घरपोच माल नेणाऱ्या पोरांच्या गाडीत किंवा खिशात ठावठिकाणा सांगणारे यंत्र आहे. बस-टॅक्सीसारख्या नव्या सार्वजनिक वाहनांत तर ते २०१९ पासून नियमानेच बसवावे लागते. प्रवाशाच्या रक्षणासाठी ते असेल तर माझी तक्रार नाही. पण मालकाच्या यंत्राची कळ चालकाच्या हाती नसते. कोण पाहतो, किती दिवस जपून ठेवतो, चहाला थांबलेली दहा मिनिटे कोणत्या वहीत मांडतो, हे त्याला कळत नाही. हौशी बिनतारीत यंत्र तेच, उपग्रह तेच, अक्षांश-रेखांशही तेच. पण कळ ज्याची त्याच्या हाती, आणि ऐकावयाचे असेल तर सर्वांना सारखेच खुले. खुलेपणालाही धार असते. घर बंद आहे हे चोरालाही कळू शकते. म्हणून घराजवळ आल्यावर कळ बंद करण्याचा अधिकार महत्त्वाचा. ठावठिकाणा सांगणे वाईट नाही. तो आपण सांगतो की आपल्याकडून काढून घेतला जातो, येथे माणसाच्या मानाचा प्रश्न येतो.

आणि ज्याच्या हाती कळ, त्याच्यावर जबाबदारीही. हवा कोणाच्या मालकीची नाही, म्हणून ती सर्वांची आहे. माझे पाकीट लांब जावे म्हणून मी ज्यादा वेळ बोललो, ज्यादा शक्ती लावली, दहा केंद्रांकरवी ते पुन्हा पुन्हा वदवले, तर ज्याचा पाय दरीत मोडला आहे त्याचे एक पाकीट माझ्या बडबडीखाली चिरडेल, आणि मला ते कधी कळणारही नाही. संघटनेत आम्ही शिस्त शिकवतो ती साहेबाच्या भीतीने नव्हे, शेजाऱ्याची आठवण राहावी म्हणून. बिनतारीच्या सगळ्या तऱ्हांची तुलना करून मी येथवरच पोचलो आहे. ज्या तऱ्हेने आपले सांगून होते आणि दुसऱ्याला जागा उरते, ती त्या प्रसंगाची उत्तम तऱ्हा.